हिटर लावला की पाणी थंड

हे मी लिहिणार नव्हते. पण न लिहिता पोटात ठेवून काय मिळालं, तर ॲसिडिटी. म्हणून लिहून टाकते.

नागपुरात, हुडकेश्वरच्या बाजूला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. घरात आम्ही तिघी: मी, माझी नणंद आणि माझी नात. मुलगा-सून नोकरीपायी दुसऱ्या गावी असतात, नात इथल्या कॉलेजात शिकते. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. नणंद त्यांची मोठी बहीण. तिला सगळे आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हणते. तरुणपणी विधवा होऊन ती भावाकडे आली, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या डब्यांच्या झाकणांपासून माणसांच्या तोंडांपर्यंत सगळं तिच्याच हातात होतं. आता तिचं वय चौऱ्याऐंशी. माझं त्र्याहत्तर. वय झालं की बाया एकमेकींना माफ करतात, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

यंदा नागपुरात थंडी जरा जास्तच पडली. बाहेरच्या लोकांना वाटतं नागपूर म्हणजे बारा महिने भट्टी. त्यांनी डिसेंबरात एकदा यावं आणि सकाळी पाच वाजता फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघावा. आक्काच्या खोलीला तर ऊन लागतच नाही. मुलानं तिच्यासाठी दोन दांड्यांचा हिटर आणून दिला, लाल होणारा. ती उठली की हिटर लावायची आणि ऊन गॅलरीत आलं की बंद करून गॅलरीत जाऊन बसायची.

आणि आमचं गरम पाणी गेलं.

नात सहाला अंघोळीला जायची, सातची बस असायची तिची. एक दिवस आतून किंचाळली, "आजी! पाणी बर्फ आहे!" मी म्हटलं, "गीझरचं बटण दाबलं होतं का?" म्हणे, "अर्ध्या तासापासून चालू आहे." मी जाऊन पाहिलं तर बटण चालू होतं. गीझर माळ्यावर, लाकडी झडपेच्या आड, त्याचा दिवा खालून दिसत नाही. शेवटी पोरीला गॅसवर पातेलं तापवून दिलं. तिच्यामागून मी गेले, तर तसंच थंड. आणि आक्का? आक्का साडेआठला अंघोळीला गेली आणि बाथरूमच्या दारातून वाफ बाहेर येऊन राहिली होती. केस धुऊन, लाल गाल घेऊन बाहेर आली.

"काहून, तुम्हाले नाही आलं का पाणी?" म्हणते. "मले तर चटका लागला."

मी नातीला म्हटलं, "बघ. मशीनसुद्धा हिलेच भिते."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आक्काला जाग उशिरा आली, तर आम्हाला छान कढत पाणी. मी म्हटलं, झालं दुरुस्त आपोआप. पाचव्या दिवशी पुन्हा थंड. मग शोध सुरू झाला. आमच्याकडे बोअरचं पाणी, खारं. बादलीला पांढरा थर येतो. शेजारणीनं सांगितलं, कॉईलवर क्षार बसले असतील. माणूस बोलावला, त्यानं गीझर उघडला, आतून वाटीभर पांढरा चुरा काढला, नवी कॉईल बसवली, आणि म्हणाला, आता दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्याच दिवशी नात आतून ओरडली, "आजी, दहा वर्षं झाली!"

नातीच्याच लक्षात आलं. हुशार आहे पोट्टी. डोकं पुसत पुसत म्हणाली, "आजी, मोठ्या आजीचा हिटर चालू असला की आपलं पाणी थंड असते. तिनं बंद केला की गरम होते. तिला म्हणूनच गरम भेटते."

मला पटलं नाही. हिटर खोलीत, गीझर माळ्यावर, दोघांचा एकमेकांशी संबंध काय? पण दोन दिवस लक्ष ठेवलं. पोरगी बरोबर होती. मग मी लाईटवाल्याला बोलावलं.

तो दुपारी आला. नात कॉलेजात होती. आक्का जेवून, गोधडी डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडली होती. लाईटवाला गीझर पाहून आला, मेनबोर्ड पाहून आला आणि शेवटी आक्काच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या डोक्याशी जे मोठं बटण आहे, त्याच्यापाशी उभा राहून हसायला लागला.

"काकू, हिटर या पॉइंटवर लावता का?"

"हो. तोच मोठ्या पिनेचा आहे ना."

"हा एसीचा पॉइंट आहे. आणि हे बटण साधं नाही. खाली दाबलं की लाईन एसीले जाते, वर केलं की गीझरले. लाईन एकच आहे. बिल्डरनं वायर वाचवली. त्याचा हिशेब असा, की नागपुरात उन्हाळ्यात एसी लागते, हिवाळ्यात गीझर. दोन्ही एकाच वेळी कोणाले लागन?"

आता तुम्हीच सांगा, किती बरोबर हिशेब आहे. आमच्याकडे घर बांधणारा माणूस उन्हाळाच डोळ्यांपुढे ठेवून बांधतो. एसीच्या भोकात कोणी हिटर खुपसेल, हे त्याच्या बापालाही सुचलं नसतं.

"मग आता?" मी विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही आधी गीझर लावत जा, वीस-पंचवीस मिनिटं. टाकीतलं पाणी तापलं की मग हिटर लावा. पाणी काही लगेच थंड होत नाही, दोघी-तिघींच्या अंघोळी आरामात होतात. आधी गीझर, मग हिटर. एवढंच लक्षात ठेवा. पक्कं काम करायचं असन तर वेगळी वायर टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

मी म्हटलं, "पाहू." त्याला चहा दिला. तो गेला.

त्या चहाची कपबशी विसळताना माझ्या डोक्यात ते आलं. आलं म्हणजे काय, मीच आणलं.

आता मागचं थोडं सांगावं लागते. मी मॅट्रिक पास होऊन आले होते, आमच्या गावात मुलींमध्ये पहिली. लग्नानंतर मास्तरणीच्या कोर्ससाठी मी अर्ज केला होता, नवऱ्याच्या संमतीनं. वाट पाहिली, पाहिली, बोलावणं आलंच नाही. मी समजले, आपले मार्क कमी पडले. त्यानंतर जे काही शिकले ते घरीच, रद्दीतून, मुलाच्या पुस्तकांतून, विचारून विचारून. पंचवीस वर्षांनी एका लग्नात, बाया पुऱ्या लाटत बसल्या होत्या, आणि आक्का सगळ्यांना हसवत होती. म्हणाली, "अवं, हिचं मास्तरणीचं पत्र आलं होतं ना! मी पोस्टमनले म्हटलं, या नावाची बाई इथं राहत नाही. वापस पाठवलं. नाही तर आज छडी घेऊन माझ्या मागं लागली असती!" सगळ्या हसल्या. मीही हसले. हातात लाटणं होतं, पुरी गोलच लाटली.

त्या गोष्टीचा मी तिला कधी जाब विचारला नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. तिच्या लेखी ती गंमत होती.

तर संध्याकाळी नात आली. आक्का पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी दोघींसमोर सांगितलं, "लाईटवाला पाहून गेला. म्हणते, काही होत नाही. बिल्डरनंच तसं करून ठेवलं. हिटर लावला तर गरम पाणी नाही, गरम पाणी पाहिजे तर हिटर नाही. दोन्हीतून एक. आक्का, तुम्हीच ठरवा."

मला भांडण पाहिजे होतं. आक्कानं हिटर सोडणार नाही म्हणावं, नातीसमोर तिचा स्वार्थ उघडा पडावा, एवढीच माझी अपेक्षा. तिनं लसणाची पाकळी सोलली, वाटीत टाकली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"त्याच्यात ठरवाचं काय आहे? पोरीले कॉलेजात जा लागते. माझा हिटर बंद ठेवा."

"अगं पण मोठी आजी, तुला थंडी..." नात म्हणाली.

"थंडी काय मले आजच भेटली का?"

नात तिच्या गळ्यात पडली. मी स्वयंपाकघरात गेले. भांडण झालंच नाही, उलट तीच मोठी झाली. तेव्हाच मी परत येऊन म्हणायला पाहिजे होतं की, अगं, एक उपाय सांगितला आहे त्यानं. चार शब्दांचा उपाय. पण नाही म्हटलं.

आणि मग मला त्याची चटक लागली. खोटं कशाला बोलू? सकाळी पाचला उठून मी आक्काच्या दारातून पाहायचे. ती पलंगावर बसलेली असायची, कानटोपी घालून, दोन गोधड्या, हात काखेत. अंघोळीशिवाय चहा घ्यायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम, आणि पोरीची अंघोळ आधी, म्हणून चहासुद्धा नाही. दात वाजायचे तिचे. मी मुद्दाम विचारायचे, "आक्का, थंडी वाजून राहिली का?" ती म्हणायची, "नाही वं. तू आपलं काम कर." मग मी गरम पाण्यानं अंघोळ करायचे, आणि मला ते पाणी फार छान लागायचं. इतकं छान पाणी मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. तिच्या पायाची बोटं सुजून लाल झाली. खोकला लागला. नात म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "खोली गरम ठेवा. या वयात थंडी छातीत उतरली तर कठीण जाते."

तेव्हा मात्र मी घाबरले. ती मरावी असं मला वाटत नव्हतं. तिला थंडी वाजावी, एवढंच वाटत होतं. यात फरक आहे असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून मी गीझर लावला. पाच वाजता आक्काच्या खोलीत गेले आणि ते मोठं बटण खाली दाबलं. हिटरच्या दांड्या लाल झाल्या. आक्का जागीच होती.

"बंद कर," ती म्हणाली. "पोरीचं पाणी थंडं होईल."

"नाही होत. मी पाणी तापवून ठेवलं."

"हो का? आज काहून सुचलं?"

मी तिची गोधडी सारखी करायला लागले.

"आधी गीझर, मग हिटर," आक्का म्हणाली. लाईटवाल्याच्या अगदी त्याच चालीत. "तो माझ्या डोक्यापाशीच उभा होता वं. मी भिंतीकडे तोंड करून होती, मेली नव्हती."

"तुम्हाले माहीत होतं? मग बोलल्या काहून नाही?"

"पाहून राहिली होती. तू किती दिवस करते ते." खोकला आला तिला. खोकून झाल्यावर तोंड पुसून म्हणाली, "मले वाटलं, दोन दिवस. चार दिवस. तुह्यात एवढा दम आहे हे मले माहीत नव्हतं."

मी हिटरसमोर तशीच उभी. माझ्या पायांना ऊब लागत होती, तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

"आता आईक," ती म्हणाली. "तू हा हिटर लावला, तर मी पोरीले सगळं सांगतो. तुह्या लाडाच्या पोरीले. बंद ठेवला, तर मी तोंड उघडत नाही. मरेपर्यंत नाही. आता तू ठरव. मले ठरवाले लावलं होतं ना?"

नात माझ्याजवळ, गादीला गादी लावून झोपायची. लहानपणापासून सुट्टीत आली की माझ्याच अंथरुणात. एवढी मोठी झाली, तरी पाय माझ्या पोटऱ्यांवर टाकून झोपायची. माझ्या आयुष्यात एवढं एकच माणूस होतं, ज्याला मी चांगली बाई वाटत होते. बाकी सगळ्यांना मी कामाची बाई वाटले.

मी बटण वर केलं. दांड्या काळ्या पडल्या.

पुढचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. डॉक्टरनं सांगितल्यावर, सगळं माहीत असताना, मी चार दिवस हिटर लावला नाही. गरम पाण्याची पिशवी दिली, हळदीचं दूध दिलं, तिसरी गोधडी टाकली, तिच्या पायांना तेल चोळलं. हिटर लावला नाही. आक्का तेल चोळून घेताना वरून माझ्याकडे पाहायची. "चोळ, चोळ," म्हणायची. "आतापर्यंत कोणी एवढी सेवा नाही केली माझी." नात बाजूला बसून म्हणायची, "आजी किती करते ना तुझं!" "हो माय," आक्का म्हणायची, "तुह्या आजीसारखी आजीच."

पाचव्या दिवशी रविवार होता, नात घरी. अंघोळ करून आक्का चहाला बसली. कप उचलला आणि हात असा थरथरला की सगळा चहा तिच्या मांडीवर. तिला चटका लागल्याचंसुद्धा लवकर कळलं नाही. नात धावली, लुगडं झटकलं, तिचे हात हातात घेतले आणि ओरडली, "आजी, हिचे हात बघ! नखं निळी पडली आहेत! खड्ड्यात गेलं गरम पाणी!" आणि तिनंच जाऊन हिटर लावला. आक्काला ओढतच त्याच्यापाशी नेलं.

मी दारात उभी. आता ही सांगते, आता सांगते. आक्कानं दोन्ही हात हिटरसमोर धरले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भिऊ नको. पोरीनं लावला. तू नाही लावला."

"काय म्हणते मोठी आजी?" नातीनं मला विचारलं.

त्या क्षणाला मला पश्चात्ताप झाला, म्हणून मी बोलले, असं लिहिलं असतं तर किती बरं दिसलं असतं. तसं नव्हतं. आक्का उरलेलं आयुष्य ही गोष्ट माझ्यासमोर अशीच धरून बसेल, पाहिजे तेव्हा काढेल, पाहिजे तेव्हा ठेवेल, हे मला दिसलं. तिच्या हातात ते राहू द्यायचं नव्हतं, म्हणून मी बोलले.

"लाईटवाल्यानं उपाय सांगितला होता," मी म्हटलं. "आधी पाणी तापवून घ्यायचं, मग हिटर लावायचा. दोन्ही होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

नात माझ्याकडे पाहत राहिली. "विसरली होतीस का?"

पोरीनं मला पळायला वाट करून दिली होती. मी म्हणू शकत होते, हो, विसरले, म्हातारी झाले.

"तुही आजी काही विसरत नाही, माय," आक्का हिटरकडे तोंड करून म्हणाली.

"नाही. मुद्दाम नाही सांगितलं," मी म्हटलं.

"कशाला?"

मी तिला पत्राची गोष्ट सांगितली. पुऱ्या, लग्न, पोस्टमन, सगळं. मला वाटलं होतं, ऐकल्यावर पोरीला माझी बाजू कळेल. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग आक्काला विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे," आक्का म्हणाली. "पण मी तिले थंडीत नव्हतं ठेवलं."

नात आक्काच्या मांडीवर जिथं चहा सांडला होता, तिथं मलम लावत बसली. रडत होती की नाही, मला दिसलं नाही, तिची पाठ माझ्याकडे होती.

त्या दिवसापासून गीझर आणि हिटर दोन्ही नात सांभाळते. पहाटे तिचा मोबाईल वाजतो, ती उठते, पाणी तापवते, मग हिटर लावते. मी म्हटलं, तू कशाला झोपमोड करते, मी जागीच असते, मी लावते. "नको आजी, मी बघते," म्हणते. आवाज गोडच असतो तिचा. माझ्याशी वाकडं कधी बोलली नाही. जेवायला वाढते, औषध देते. लाईटवाल्याला बोलावून तिनं वेगळी वायरही टाकून घेतली, तरी पहाटे स्वतःच उठते. आक्काचा खोकला गेला. बोटांची सूज उतरली. ती आता गालांना लाली घेऊन बसते आणि मला आतून हाक मारते, "अवं, इकडे येऊन बस ना जराशी, शेक घे." मी म्हणते, काम आहे.

महिनाभरानं एका संध्याकाळी नात आपली गादी गुंडाळत होती. मी विचारलं, "धुवायची आहे का?"

"नाही. मोठ्या आजीच्या खोलीत टाकते."

"काहून गं?"

तिनं उशी काखेत धरली, चादर खांद्यावर टाकली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिकडे गरम असते, आजी."

मी तिला गादीचं एक टोक धरू लागले. दारातून वळवताना अडकत होती.